कुंडातली कातडी

देवाने ज्यांची मनं कसबाने भरली त्यांना सोनं मिळालं, चांदी मिळाली, निळं सूत मिळालं. मी वाटपाच्या वेळी कुठे उभा होतो कोण जाणे, मला मेंढ्यांची कातडी मिळाली. पवित्र मंडपाच्या छतासाठी. ती आधी राखेत आणि मुतात भिजवायची, केस सुटले की त्याच घटकेला बाहेर काढायची, मग लाल रंगवायची. मूत अख्ख्या छावणीने आनंदाने दिलं. इतक्या मोकळ्या मनाने सोनंसुद्धा आलं नव्हतं.

घोळ मिसर देशामुळे झाला. तिथे आम्हा गुलामांना दिवस मोजायची सवयच नव्हती. एकच दिवस होता, तो संपतच नव्हता. सुटून इथे वाळवंटात आलो तर देवाचा नवा हुकूम निघाला: सातव्या दिवशी, शब्बाथला, काम करेल त्याला दगडांनी ठेचून मारायचं. आणि माझी कातडी तयार होणार होती नेमकी शब्बाथच्या सकाळी. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आदल्या संध्याकाळचा सूर्य बुडून शब्बाथ सुरू झाला होता.

सकाळी केस पाण्यावर तरंगायला लागले. आता काढली नाहीत तर सगळं छत कुंडातच विरघळणार. मी बाह्या सरसावल्या.

"काढ की, याखीन," शेजारचे शूनीकाका तंबूच्या दारातून म्हणाले. "मी बघतोय."

त्यांच्या मांडीवर दोन दगड होते.

"दगड कशाला, काका?"

"सहज. गुळगुळीत आहेत."

"शब्बाथला दगड उचललेत?"

"छे! कालच घेऊन बसलोय. आज नुसते मांडीवर आहेत."

मी बाह्या खाली केल्या.

दुपारी कुंड खदखदायला लागलं. वास असा की माशासुद्धा येऊन परत जात होत्या. वर आलेल्या एका बुडबुड्याकडे मी बराच वेळ पाहिलं. तो फुटला. पाहायला नको होतं.

"बाळा," काका नाकातून म्हणाले, "त्याच्यावर काहीतरी झाक रे."

"झाकणं म्हणजे काम, काका."

"मग चटई आपोआप उडून पडली तर?" असं म्हणून ते चटईकडे बघून फुंकायला लागले.

शेवटी वडीलधाऱ्या अम्मीएल आजोबांना निवाड्याला बोलावलं. ते नाक धरून आले. नाक धरणं हेही काम असेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ते सोडलं आणि काकांच्या पायांवर ओकले.

"ओकणं चालतं," त्यांनी निवाडा दिला, "ते आपोआप होतं." आणि पुन्हा ओकले.

"काढ रे बाबा ती घाण!" काका रडकुंडीला आले. "मी बघत नाही. हे बघ, दगड टाकतो!"

"दगड टाकणं म्हणजे…"

"काम! माहितेय मेल्या, माहितेय!"

तारे दिसले, शब्बाथ संपला, तेव्हा मी कुंडात हात घातला. कातडी नव्हतीच. नासक्या दुधाच्या गुठळ्यांसारखा, केसाळ, कोमट लगदा मुठीत आला आणि बोटांमधून परत गेला. मंडपाचं छत.

मुकादम एलीदाद आले. त्यांनी वाकून पाहिलं.

"दिवसभरात हात लावला होतास?"

"नाही."

त्यांनी ओंजळभर लगदा वर काढला. त्यांचे डोळे पाणावले. वासाने असतील, असं मला वाटलं.

"वा!" ते म्हणाले. "या आठवड्यात छावणीत इतकं चोख काम कुणाचंच झालं नाही. उद्यापासून नवी कातडी घे."

मिसरमध्ये मी लोण्यासारखी मऊ कातडी कमावली, आणि दर वेळी चाबूक खाल्ला. आयुष्यातली पहिली शाबासकी मिळाली ती या लगद्याबद्दल. वर मुकादमांनी तशाच हातांनी मला मिठी मारली. सोडेनात. मी त्यांच्या खांद्यावरून आपोआप ओकलो.