हिरवा दिवा

सकाळी सव्वादहाला मागच्या खोलीचं लोखंडी दार उघडलं आणि चौकटीवरचा दिवा हिरवा झाला. कुलपाचा आकडा बाबांनी दाबला होता. शेजारी थोरला उभा होता, आणि आज त्यानं रोजच्यासारखं तोंड फिरवलं नव्हतं.

दागिने घडवण्याचं आणि दुरुस्तीचं हे दुकान तिघांचं होतं: बाबा, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. आकडा मात्र बाबा आणि धाकटी, दोघांनाच ठाऊक होता. थोरला रोज शटर उघडायचा, काचा पुसायचा, वजनकाटा मांडायचा. मग त्या दोघांपैकी कुणी येईपर्यंत, बँकेत नंबर लावून बसलेल्या गिऱ्हाइकासारखा, त्या दारासमोर बसून राहायचा.

दार बसवलं त्या दिवशी तोही हजर होता. अलार्मवाल्यानं भिंतीवरच्या डबीचं झाकण उघडून सगळं समजावलं होतं. आकडे दोन. एक रोजचा. दुसऱ्याची पाळी आली तेव्हा डबीच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली.

"ड्युरेस म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"दबाव."

"म्हणजे प्रेशर," धाकटी म्हणाली.

"नाही हो, ताई. प्रेशर कामाचं असतं, गिऱ्हाइकाचं असतं. ते सोसून माणूस आपल्या मनानं काय ते ठरवतो. ड्युरेस म्हणजे मानेवर सुरी. त्यात माणूस हो म्हणतो, पण ते हो त्याचं नसतं. तशी घेतलेली सही कोर्टसुद्धा धरत नाही." त्यानं डबीवर बोट आपटलं. "कुणी जबरदस्तीनं दार उघडायला लावलं, तर हा दुसरा आकडा दाबायचा. दार उघडतं, दिवा हिरवाच लागतो. समोरच्याला पत्ता लागत नाही. आमच्याकडे मात्र घंटा वाजते, आणि घरच्या दुसऱ्या माणसाला फोन जातो."

"आणि घाबरून तोच विसरलो तर?"

"म्हणून तर जन्मात विसरणार नाही असा ठेवायचा."

मग तो म्हणाला, आकडे दोघांनाच माहीत असलेले बरे. बाबांनी थोरल्याकडे पाहिलं.

"जा रे, चहा सांगून ये."

तो सांगून आला नाही. स्वतःच ग्लास घेऊन आला, धावत. तोवर डबीचं झाकण लागलं होतं. धाकटीनं घोट घेतला.

"दादा, साखर विसरला वाटतं चहावाला."

घरी त्याची बायको एवढंच म्हणाली, "कानामागून आली आणि तिखट झाली." मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही आणा चहा."

तेव्हापासून त्याला सगळं दिसू लागलं. बाबा डोळ्याचं भिंग काढून ठेवत ते तिच्या बाजूला. नवी नक्षी आली की कागद तिच्याकडे सरके. गिऱ्हाईक आत येई आणि त्याला पाहून म्हणे, "ताई नाहीत का आज?" थोरला हसून म्हणे, "आहेत ना, बसा." आणि जिथे डाग नव्हता तिथली काच पुसत राही. दुकानात वीस वर्षं त्यानं मान मोडून काम केलं होतं. ती आली होती परवापरवा, सासरचं सगळं सांभाळून, तेही आठवड्यातले निम्मे दिवस.

आज ती लेकीच्या शाळेत गेली होती. दुपारी येणार होती. एका गिऱ्हाइकाची अंगठी सकाळीच द्यायची होती आणि ती मागच्या खोलीत होती. थोरल्यानं शटर अर्ध्यावर आणून थांबवलं.

"बाबा, आकडा सांगा."

"उघडतो मी. चल."

"उघडू नका. सांगा."

"धाकटी आली की बसून बोलू."

"ती कशाला हवी? मला काय भाड्यानं आणलंय का?"

"आवाज कमी कर. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. आज आकडा सांगितल्याशिवाय शटर वर जाणार नाही."

बोलता बोलता त्यानं बाबांचं कोपर धरलं होतं. धरूनच त्यांना दारापर्यंत नेलं. बाबांनी एकदा त्याच्या हाताकडे पाहिलं. मग चष्मा सारखा केला, डबीचं झाकण उघडलं आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणत एकेक कळ दाबली.

"एक. सात. शून्य. दोन."

दार उघडलं. दिवा हिरवा झाला.

थोरल्याचा हात आपोआप सुटला. सतरा फेब्रुवारी. त्याचा वाढदिवस.

"माझी तारीख?"

 बाबा आत जाऊन ट्रे काढू लागले. थोरला उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणजे धाकटी येईल त्या दिवशी आपली तारीख दाबत होती, आणि आपण इकडे तिच्या नावानं बोटं मोडत होतो. त्याला हसू आलं.

"बाबा, बसा तुम्ही. मी काढतो. चहा सांगू?"

त्यानं स्वतःच स्टूल पुसून पुढे केलं. बाबा बसले. कोपर चोळत होते.

फोन वाजला. धाकटीचा होता.

"दादा, बाबांना दे."

"अगं, ऐक तर आधी. बाबांनी आज मला..."

"दादा, आधी बाबांना दे. दुकानात कोण आहे?"

"मी आहे."

"आणखी कोण?"

"कुणी नाही. मी आणि बाबा."

पलीकडे शाळेची घंटा झाली. मुलांचा गलका ऐकू आला. 

"बरं," ती शेवटी म्हणाली. "मी निघते."

तेवढ्यात अर्ध्या शटरखाली बुटांच्या दोन जोड्या येऊन थांबल्या. कुणीतरी पत्र्यावर थाप मारली. थोरल्यानं शटर वर केलं. अलार्म कंपनीचे दोन रखवालदार होते. एकानं आत पाहिलं, चौकटीवरचा हिरवा दिवा पाहिला, मग म्हाताऱ्याकडे वळला.

"काका, जरा बाहेर येता? एकटेच."

"काय झालं?" थोरल्यानं विचारलं.

"तुम्ही आतच थांबा, साहेब. नियम आहे."

दुसरा रखवालदार दारात आडवा उभा राहिला. थोरल्यानं मागे वळून डबीकडे पाहिलं. झाकण उघडंच होतं. दुसरा आकडा जन्मात विसरणार नाही असा ठेवायचा, अलार्मवाला म्हणाला होता.

पुसलेल्या काचेतून फुटपाथ स्वच्छ दिसत होता. बाबांची पाठ दुकानाकडे होती. रखवालदारानं वाकून काहीतरी विचारलं. मग अंगठ्यानं दुकानाकडे खूण करून तेच पुन्हा विचारलं. बाबा वळले. काचेतून त्यांनी थोरल्याकडे पाहिलं.

धाकटीची रिक्षा कोपऱ्यावर थांबली, ती उतरली, तेव्हाही ते तसेच पाहत होते. त्यांनी मान हलवली नव्हती, होय म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही.