कासिमिरोचं बारसं

त्या कारखान्यात पॅराशूट शिवून झालं की त्याचं बारसं व्हायचं. शिवणारी बाई ती आई, तपासणारी ती धर्ममाता, आणि नाव ठेवायचं ते त्या पोराचं, जो कधीतरी, कुठल्यातरी आभाळातून हे कापड पाठीवर बांधून उडी मारणार. नाव कुठे लिहायचं नाही. नुसतं कापडाशी तोंड नेऊन सांगायचं. पोराला याचा पत्ताही नसायचा.

इसौरा आर्चुलेटाने इतकी वर्षं शिवलं होतं की तिच्या पोरांचं एक गाव वसलं असतं. बहुतेकांची धर्ममाता सेल्सा. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या, एकमेकींच्या झिंज्या ओढलेल्या. पण पहिल्या बारशाला त्या एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या, म्हणजे एकाच पोराची आई आणि धर्ममाता, आणि तू-तुकारी तिथेच संपली. न्यू मेक्सिकोच्या त्या डोंगरी गावात कोमाद्रेशी मानानेच बोलतात.

बर्फावरून गाडी घसरली त्या हिवाळ्यापासून इसौराच्या कण्यात दुखणं बसलं होतं. उजवा पाय आपल्या मर्जीने झटके द्यायचा. आधी डॉक्टरने गोळ्या दिल्या, अफूच्या जातीच्या. त्या खाऊन ती मशीनवरच पेंगली आणि सुई बोटातून आरपार गेली. मग गांजाचं तेल दिलं. गांजाचंच, नाव घ्यायला लाजायचं काय त्यात? राज्य सरकारने तिचा फोटो लावून रीतसर कार्ड दिलं होतं. झोपताना जिभेखाली थेंब टाकले की छप्पर हळूच बाजूला व्हायचं. वर आभाळ, आणि आभाळातून तिची पोरं उतरायची. हिरव्या छत्र्या कमळासारख्या उमलायच्या, एकही घाईत नसायची. रूफिनो, अमादेओ, धाकटा एलॉय. अंगणात मिरच्या वाळत असायच्या, त्यांना धक्का न लावता उतरायची शहाणी पोरं. सकाळी पाय शांत असायचा. पाय शांत म्हणजे पायडल शांत, आणि पायडल शांत म्हणजे शिवण सरळ.

मग सैन्याचं नवं कंत्राट आलं आणि त्याच्या मागोमाग लघवी तपासायचे प्लास्टिकचे पेले आले. इसौराच्या पेल्यात गांजा निघाला.

"माझं तुमच्याशी काही वैर नाही, इसौरा," मॅनेजर टॅकेट म्हणाला. "पण कंत्राट वॉशिंग्टनचं आहे, आणि केंद्राच्या कायद्याला गांजा औषध म्हणूनही चालत नाही. तिथे तुमचं ते कार्ड आणि वाचनालयाचं कार्ड सारखंच."

"मी कामावर कधी तेल घेतलंय का?"

"लघवीला वेळ सांगता येत नाही."

"मग लघवीलाच बसवा मशीनवर."

टॅकेट हसला. माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता, आणि भित्र्या माणसाइतकं नुकसान वाईट माणूसही करत नाही. "महिनाभर बंद ठेवा. पुन्हा तपासू. स्वच्छ निघालात तर नोकरी तुमची. दुखलं तर गोळ्या घ्या. चिठ्ठी असली की त्या चालतात."

म्हणजे पेंगणारी बाई चालते, जागी बाई चालत नाही. कायदा करणाऱ्यांच्या पाठीत कधी कळ आली नसावी. आणि खरं सांगायचं तर मूळ कायद्यात पेल्यांचा उल्लेखही नाही. कामाची जागा नशामुक्त ठेवा, एवढंच त्यात म्हटलंय. पेले कंपनीने आपल्या बुद्धीने आणले.

गावात दुसरा कारखाना नव्हता. विमा इथलाच, दवाखाना त्या विम्यावर. शिवाय तिची पोरं इथली. इसौराने तेलाची बाटली पिठाच्या डब्यामागे ठेवली.

छप्पर जागचं हलेनासं झालं. ती डोळे उघडे ठेवून पडून राहायची आणि पाय गाढवासारखा लाथा मारायचा. महिना सरत आला तशा तिच्या दोन छत्र्या तपासणीत नापास होऊन परत आल्या. तिसरी परत आली की गाशा गुंडाळायचा, हा तिथला नियम.

तिसऱ्या छत्रीच्या दोन कळ्या, म्हणजे कापडाच्या उभ्या निमुळत्या पट्ट्या, ती जोडत होती. नेमका तेव्हा पायाने झटका दिला. पायडल दाबलं गेलं, मशीन सुसाट सुटलं, टाके रेषा सोडून पळाले. तिने ते उसवले आणि पुन्हा शिवले. पण उसवलेल्या टाक्यांची भोकं बुजत नाहीत. त्या भोकांतूनच कापड फाटतं, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात.

दुपारी टॅकेट टेबलापाशी आला आणि त्याने हात पुढे केला. "अभिनंदन. या वेळी लघवी अगदी स्वच्छ."

तो गेला. छत्री सेल्साच्या टेबलावर गेली. त्या टेबलाला खालून उजेड असतो. हिरव्या कापडावर भोकं अशी चमकली, जणू कुणी चांदणं टोचून ठेवलंय. सेल्साने ती पाहिली. बराच वेळ पाहिली. मग पास झाल्याचा शिक्का उमटवला.

"नाव?"

"कासिमिरो." सवयीने तोंडातून निघून गेलं.

सेल्सा वाकली आणि कापडाला नाव सांगितलं.

"कोमाद्रे, तुम्ही पाहिलंत ना?"

"मला तुमचं घर दिसलं. दुसरं काही दिसलं नाही."

"धरेल का ही शिवण?"

"बहुतेक धरेल."

"बहुतेकवर पोरगं लटकवायचं?"

"कुठलं पोरगं, कोमाद्रे? आपण ठेवतो ती नुसती नावं."

"आत्ताच त्याच्या कानात बोललात की."

सेल्सा पुन्हा त्या भोकांवर वाकली. चांदणं तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं आणि ती एकदम शाळेतल्यासारखी दिसत होती.

इसौराने मोठी कात्री घेतली. काठापासून मधल्या छिद्रापर्यंत तिने कासिमिरो कापत नेला. नायलॉनचा आवाज लांबलचक निघाला, कुणीतरी फार वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा. ओळीने सगळी मशीनं थांबली.

टॅकेट धावत आला. "हे काय केलंत? पास झालेला माल आहे."

"तुमची स्वच्छ लघवी शिवत होती, साहेब. काय शिवलंय ते या उजेडात बघा."

त्याने पाहिलं नाही. दाराकडे बोट दाखवलं.

सेल्सा फाटकापर्यंत सोबत आली. कापलेल्या कापडाचा एक तुकडा तिने इसौराच्या खांद्यावर टाकला. "तू ठार वेडी आहेस," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तू. मग म्हणाली, "तो शिक्का मी मारायला नको होता."

"उद्या जेवायला ये."

घरी पोचली तेव्हा उन्हं अजून भिंतीवर होती. इसौराने बाटली काढली, थेंब जिभेखाली टाकले आणि अंगणातल्या ओट्यावर तो तुकडा पांघरून पडली. पाय दोनदा तडफडला आणि निवला. आभाळ उघडलं. रूफिनो उतरला, अमादेओ उतरला. कासिमिरो काही वरून आला नाही. ती मान वळवून पाहत राहिली.

मग रस्त्याच्या वळणावर तो दिसला. बुटांवर लाल धूळ होती, पाठीवर काही नव्हतं, आणि तो पायी येत होता.