राखेतली वीज

उपयोग

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर राखवाले महाराज, आणि त्यांच्या पायाशी डोकं गच्च धरून बसलेली धाकटी.

"बघा! राख घेतली, रडणारी हसली! राख चुकवली, डोक्यात वीज घुसली! विचारा तिलाच!"

"मान वळवली की डोक्यात करंट बसतो," धाकटी पुटपुटली. "चुकलं माझं, महाराज."

गर्दीनं हात जोडले. तिला न्यायला आलेली थोरली बहीण दारातच थबकली. शिवणकाम करणारी बाई ती. एकदा पाहिलेला टाका विसरत नसे. करंट? हे तिनं आधी ऐकलं होतं.

दुष्परिणाम

गेल्या वर्षी. डॉक्टरीणबाईंनी धाकटीला नैराश्यावर गोळ्या दिल्या होत्या. लागूही पडल्या होत्या. पण पाकीट महाग, म्हणून तिनं त्या गुपचूप बंद केल्या. तेव्हा शिलाई मशीनपाशी बसून ती हेच म्हणाली होती, "ताई, डोक्यात करंट बसतोय गं."

तेव्हा कुठे होती राख? कुणाचा होता शाप?

थोरली तडक मंचावर चढली.

"महाराज, राख न घेणाऱ्यावर वीज पडते ना? मी जन्मात घेतली नाही. पाडा."

महाराजांचं हसू जरा उशिरा आलं. "तुझी श्रद्धा नाही, बाई. वीज भक्तालाच लागते."

"म्हणजे ज्याच्या पोटात राख गेली त्यालाच. मग राखेत काय घालता ते सरळ सांगा की!"

"ताई, उतर खाली!" धाकटीनं तिचं मनगट आवळलं. "महाराज उद्या गाव सोडतायत. पुडी दिली नाही तर मी मरेन गं!"

घटक

थोरलीनं महाराजांपुढच्या थाळीतली राखेची पुडी उचलली, पिशवीतल्या विरळ कापडावर रिकामी केली आणि बोटानं चोळली. राख खाली गळली. कापडावर राहिले पिवळे कपचे.

धाकटीनं एक बोटावर घेतला. कितीतरी महिने गिळलेल्या गोळीचं पिवळं कवच तिला कुणी दाखवून द्यायला नको होतं.

"हे तर..."

महाराजांना एकाएकी लघुशंका आठवली. ते गेले ते गेलेच.

पुड्या तपासल्यावर तेच औषध निघालं. एकीत दुप्पट, एकीत नावाला, एकीत नुसतीच राख.

किंमत

"हे औषध एकदम थांबलं की काहींना असे झटके बसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शाप कसला! पण परवडत नव्हतं तर बोलली का नाहीस?"

"लाज वाटली."

"आणि मीही विचारलं नाही." त्यांनी पाकीट पुढं केलं. "हे मोठं नाव कंपनीचं. खालचं बारीक नाव औषधाचं. त्याच नावानं साधं पाकीट मिळतं, पाव किमतीत."

"स्वस्त म्हणजे कमअस्सल असेल," धाकटी म्हणाली.

"औषध तेच, मात्रा तीच. पैसे जातात ते मोठ्या नावाचे."

"आणि राख?" थोरली म्हणाली. "ती तर दोन्हींहून महाग पडली."

सूचना

औषध परवडेना, तर डॉक्टरला तोंडावर सांगा. तेच औषध स्वस्तात मिळेल का, विचारा. आपल्या मनानं बंद करू नका. थांबवायचंच असेल तर त्यांना विचारून, हळूहळू. आणि चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी तो चाळून बघा.

साधं पाकीट सुरू केल्यावर काही दिवसांनी थोरलीनं मशीनवरून हाक मारली. धाकटीनं सवयीनं डोकं धरलं, मग हात काढले आणि हळूच मान वळवली.

"काय गं, ताई?"

वीज पडली नाही.