चूक जिथवर गेली तिथवर

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुना, पोचे आलेला भोंगा आहे. पत्र्याच्या कारखान्यात जन्मलो आणि भोंगेकाकांच्या सायकलवर येऊन बसलो. नळाला पाणी कधी येणार, दवाखाना कधी बंद, हरवलेली शेळी कोणाची, सगळं काका माझ्यातून सांगत. लोक हातातलं काम टाकून ऐकत. मी अगदी फुशारून जात असे.

एकदा शाळेतली मुलं उलट्यांनी आजारी पडली. बेकरीच्या पावामुळे, असं कोणीतरी काकांच्या कानावर घातलं. काका मनाचे चांगले, पण उतावळे. त्यांनी कुठे विचारपूस केली नाही, गल्लोगल्ली सांगत सुटले, "बेकरीचा पाव खाऊ नका हो!"

बेकरी एका एकट्या मावशींची होती. त्यांचे पाव फळीवर तसेच वाळून गेले. मग भट्टी पेटेनाशी झाली. पुढे डॉक्टरांनी तपासलं, तर दोष शाळेच्या पाण्याच्या टाकीत निघाला!

काकांचं तोंड उतरलं. "चौकातल्या फळ्यावर चिठ्ठी लावतो," ते घरी म्हणाले. "लोक वाचतील."

काकू भडकल्या. "बदनामी गावभर आणि माफी कोपऱ्यात? वा रे न्याय!"

काकांनी मला सायकलला बांधलं आणि पुन्हा गल्लोगल्ली निघाले.

"लोकहो, बेकरीचा पाव चांगला आहे. खात्री न करता मीच चुकीचं सांगितलं. मावशींची चूक नाही, माझी आहे!"

पोरं हसली. "आता सुचलं का?" असंही कोणी म्हणालं. मला काकांची फार दया आली, पण मी आवाज बारीक होऊ दिला नाही. बेकरीसमोर मावशी दारात आल्या.

"इथे काय ओरडताय? मला ठाऊकच आहे. तळ्याकडच्या गल्लीत जा. माझं निम्मं गिऱ्हाईक तिथलं."

काका तिकडेही गेले. हळूहळू गिऱ्हाईक परतलं. तळ्याकडच्या एक आजी मात्र येईनात. त्यांना ऐकू कमी यायचं. पावाची बातमी शेजारणींनी हौसेने सांगितली होती, दुरुस्ती सांगायला कोणी फिरकलं नव्हतं. काकांनी मला त्यांच्या दाराशी ठेवलं आणि आत जाऊन, कानाशी बसून सगळं पुन्हा सांगितलं.

मित्रांनो, आता काका थकलेत आणि मी खिळ्याला टांगलेला असतो. बातम्या तुमच्या फोनवरून पळतात. माझा आवाज तळ्यापर्यंतच जायचा, तुमचा कुठच्या कुठे जातो. म्हणून बोलण्याआधी विचारत चला. आणि चुकलात, तर चूक जिथवर गेली तिथवर स्वतः जा.

त्या दिवशी आजी काय म्हणाल्या, सांगू? त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली.

"चल, मला बेकरीत सोड. मीही चारचौघींना सांगितलं होतं रे, मग त्यांच्याकडेही जायचंय."