पारव्यांच्या दुकानातला पारवा

खाटकाचं आडनाव पारवे असावं, ही हसण्यासारखीच गोष्ट. पण हसायची बाजारात कुणाची छाती नव्हती.

पारवा म्हणजे राखी-निळा, गरीब जीव. दिसेल त्या वळचणीला काड्या मांडायच्या, दिवसभर घुमायचं, हाकललं की उडायचं आणि पुन्हा तिथंच येऊन बसायचं. दुकान वडिलांचं होतं तेव्हा ते सुरी चालवायला बसले की समोरची टवाळ माणसं तोंडाने घुमायची. वडील हसून म्हणायचे, "घुमा, पण मटण घेऊन घुमा." ते हसणं थोरल्या मुलाच्या काळजात काट्यासारखं रुतलं. वडिलांच्या माघारी त्याने पाटीवर 'पारवे' हे नाव लालभडक, हातभर अक्षरांत रंगवून घेतलं आणि रंग वाळायच्या आत मासळीवाल्याचे पुढचे दात पाडले. मग हमालाचा जबडा मोडला. मग एका गिऱ्हाइकाचं नाक फोडलं, ते बिचारं नुसतं खाकरलं होतं. पुढे पुढे तर कापडवाल्याकडे पारव्या रंगाचं कापड मागतानाही बायका आधी मागे वळून बघायच्या.

धाकटी बहीण त्याच्याच दुकानात लाकडी ठोकळ्यावर हाडं तोडायची. एकदा पाटीकडे बघून तिला हसू आलं होतं, त्या दिवसापासून तिला डाव्या कानाने कमी ऐकू येई. आता तिचं लग्न बर्फवाल्याशी ठरलं होतं. थोरल्याने "बघू" असं गुरगुरून होकार दिला होता. महिनाभरात ती या घरातून सुटणार होती आणि या आडनावातूनही. तेवढ्या एका आशेवर ती हात चालवत होती.

त्या सकाळी झरोक्यातून एक पारवा आत शिरला आणि मटण टांगायच्या आकड्यांच्या वरच्या तुळईवर जाऊन बसला. थोरला सत्तुराला धार लावून आणायला गेला होता. बर्फवाल्याने लादी उतरवली, वर बघितलं आणि पारव्याला उतरवायला शिडी लावून चढला.

"उतर खाली," ती म्हणाली. "दादा येईल."

"येऊ दे. घरचा पाहुणा आहे, हाकलून कसं चालेल?"

तळहातावर दाणे धरून तो मऊ आवाजात घुमायला लागला. पारव्याने मान तिरकी केली. ती हसली, अगदी पोटातून. त्या दुकानात ती कधी अशी हसली नव्हती.

उंबऱ्यातून थोरल्याने ते घुमणं ऐकलं आणि तिचं हसणंही. त्याने वर बघितलंच नाही. शिडीला लाथ घातली.

पडताना बर्फवाल्याच्या खांद्यात आकडा घुसला. क्षणभर तो सोललेल्या बोकडासारखा लोंबला, मग मांस फाटलं आणि तो ठोकळ्याशेजारी आदळला. पाय मोडल्याचा आवाज तिने ओळखला. हाडं तोडण्यातच तिचा जन्म गेला होता. थोरल्याने डावा हात ठोकळ्यावर टेकला आणि नव्या धारेच्या सत्तुराची मागची बाजू बर्फवाल्याच्या तोंडावर हाणली.

"घुम आता. घुम की."

"दादा, वर बघ."

त्याने पुन्हा हाणलं.

"दादा, एकदा वर बघ रे."

तिसऱ्यांदा हात वर गेला, तेव्हा तिने आपला सत्तूर खाली आणला. त्याची करंगळी आणि शेजारचं बोट ठोकळ्यावरच राहिलं. किंचाळताना त्याची मान मागे गेली, तेव्हा कुठे त्याला तुळईवरचा पारवा दिसला.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"तुला वाटतंच."

एव्हाना दारात बाजार गोळा झाला होता. थोरला रक्ताळलेली मूठ छातीशी धरून गुडघ्यांवर बसला. तिने सत्तुराची धार त्याच्या मानेला लावली.

"उतरव त्या पारव्याला."

"कसा?"

"हा कसा उतरवत होता?"

थोरल्याच्या तोंडून आधी नुसती हवा आली. मग रडवेलं, फाटकं घुमणं आलं. कुणी हसलं नाही. बोळक्या मासळीवाल्याने नजर खाली वळवली. मोडक्या जबड्याच्या हमालाने पुढे होऊन बर्फवाल्याच्या काखेत हात घातले, तिने सत्तूर फेकून त्याचे पाय उचलले आणि दोघांनी त्याला बर्फाच्या गाडीवर निजवलं. कमरेचं फडकं त्याच्या खांद्यावर घट्ट बांधून तिने गाडी दवाखान्याकडे ओढायला घेतली.

मागून घुमणं ऐकू येतच होतं. थांब, असं तिने त्याला सांगितलं नव्हतं.

बर्फवाल्याचे सुजलेले ओठ हलले. "उतरला का गं पारवा?"

"नाही," ती म्हणाली. "दादा अजून शिकतोय."