टर्बोची दोन मिनिटं

काळू ड्रायव्हरची एक खोड आडगाव नाक्यामागच्या अख्ख्या वसाहतीला ठाऊक होती. मुंबईहून आला की तो लगेच किल्ली बंद करत नसे. घरासमोरच्या मोकळ्या जागेत ट्रक लावायचा, इंजिन हळू चालू ठेवायचं आणि केबिनमध्ये ढिम्म बसून राहायचं. आत त्याची बायको भिमाबाई त्या आवाजावर चहा टाकी.

ही सवय त्याला फुकट लागली नव्हती. त्याचा पहिला ट्रक साधा होता. कसारा घाट चढताना तो असा रांगे, की पायी जाणारा माणूस पुढे निघून जाई. मग टर्बोच्या गाड्या आल्या. लासलगावच्या मालकाने एक घेतली आणि तोच घाट काळू गाणं म्हणत चढू लागला. स्वारी एकदम हवेत! पण वर इगतपुरीला चहाला थांबला की जुन्या सवयीने, डिझेल वाचवायला, खाडकन किल्ली बंद. वर्षही सरलं नाही, तोच टर्बोने शिट्टी घातली आणि ट्रकने काळा धूर ओकला.

मालेगावच्या इनायत मिस्त्रीने टर्बो उघडून त्याच्यासमोर धरला. बाहेर जाणाऱ्या धुराने एक पंखा फिरतो, त्याच दांडीवरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, एवढीच काय ती करामत. पण घाट चढून तापलेलं इंजिन तडक बंद केलं की तेल थांबतं आणि दांडी जळते. ती जळून कोळसा झाली होती. "दो मिनट दिया करो उसको, काळूभाई," इनायत म्हणाला. मालकाने चारचौघांत जी खरडपट्टी काढली, ती वेगळीच.

काळूने हे घरी सांगितलं तेव्हा भिमाबाई म्हणाली, "म्हंजे वाया जाणाऱ्या धुरालाच फुंकणी मारायला बसवलं की!" आणि मग हसत हसत, "टर्बोला दोन मिनिटं देता, मला कधी देणार?"

काळू हसला. नाक्यावर चार जणांना सांगूनही हसला. घरात मात्र चहा त्याने कायम उभ्यानेच प्यायला. अंघोळ, जेवण, की घोरायला मोकळा. ती काही बोलायला बसली की म्हणे, "उद्या सांग." आणि उद्या तो लासलगावला कांदा भरत असे.

गेल्या साली भिमाबाई काविळीने गेली. तेव्हाही तो वाशीच्या बाजारात गाडी खाली करत होता. तिला काय काय सांगायचं होतं, ते तिच्याबरोबरच गेलं. त्यानंतर काळूला घरात एकट्याने चहा गोड लागला नाही.

पाठ धरल्यापासून तो घरीच होता. त्याचा मुलगा सनी आता ट्रक चालवी. नवी गाडी, टर्बोने किती जोर लावायचा हेही तिच्यातला कॉम्प्युटरच ठरवी. तरी काळूने पोराला ती सवय लावलीच. सनीने ती इमानाने पाळली, फक्त बापाच्या दोन मिनिटांत मोबाईल घातला. ती दोन मिनिटं मग संपता संपत नसत.

त्या दिवशी सनीची बायको रोशनी बॅग भरून ओट्यावर आली.

"मामा, मी मनमाडला आईकडं चालले," ती सासऱ्याला म्हणाली. "भांडण नाय काही. पण घरी आलेला माणूस बोलतच नाय, तर राहू कोणासाठी?"

काळूने विचारलं, "परत कधी येशील?"

"तिकडं गेल्यावर ठरवीन."

तेवढ्यात ट्रक आला. रोशनीने बॅग खाली ठेवून चहा टाकला. चहा उकळला, कपात गाळला, त्यावर साय धरली. बाहेर इंजिन घुरघुरतच होतं आणि सनी फोनवर कुणाशी तरी पुढच्या भाड्याचं बोलत होता. रोशनीने पुन्हा बॅग उचलली.

काळू अनवाणीच धावला. दुखऱ्या पाठीने केबिनवर चढला आणि हात लांबवून त्याने किल्ली फिरवली.

"बाबा! टर्बो जळंल!" सनी ओरडला.

"जळू दे. टर्बो मालेगावात दुसरा मिळतो." काळूचा आवाज फाटला. "तुझ्या आईसाठी मी एकदाबी किल्ली बंद नाय केली, सनी. जा आत. रोशनी चाललीय."

सनीने फोन सीटवर टाकला आणि उडी मारली.

काळू केबिनमध्येच बसून राहिला. बॅग अजून रोशनीच्या हातात होती. सनी काहीतरी विचारत होता, ती रडत सांगत होती. मग दोघं आत गेली, कप ठेवल्याचा आवाज आला. रोशनीच्या बांगड्या वाजल्या, त्याही इथे स्वच्छ ऐकू आल्या.

इतकी वर्षं याच जागेवर, चालू इंजिनामागे तो बसला होता. घरातलं बोलणं इथवर ऐकू येतं, हे त्याला आज कळलं.