कच्चा रांजण

बर्नरचा घरघराट एकदम थांबला, तसं यशोदाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"जया, तुझी भट्टी गप का झाली रे?"

जयराम मागच्या पायरीवर चहा पीत बसला होता. कप तसाच टाकून तो धावला. नाशिक रोडच्या त्या बैठ्या घरामागे मडकी भाजायची ही भट्टी त्याने स्वतः उभी केली होती. सुट्टीच्या दिवशी पत्रे वेल्ड करून, आतून पांढऱ्या हलक्या विटा लावून, सिलिंडरची नळी जोडून. वडिलांची, बुधाची, लाकडाची भट्टी आजूबाजूला कॉलन्या उठल्यावर बंद पडली होती. शेजारच्या लंकाबाईंना दमा होता. धुराने त्यांचा जीव घाबरा होतो हे कळल्यावर बुधाने एके सकाळी आपल्या हाताने भट्टी मोडली. त्याचा एक रांजण तेवढा कच्चाच राहिला. चाकावर बुधाने काढलेला, आणि थापीने ठोकून यशोदाबाईंनी फुगवलेला. बुधा गेल्यावर त्यांनी तो गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. त्याला ओल लागू दिली नाही, की कुणाचा पाय लागू दिला नाही. त्या रांजणासाठीच जयरामने हा खटाटोप केला होता, आणि आज तो रांजण आत होता.

जयराम खालच्या भोकापाशी वाकला. आत अंधार होता. विटा अजून लालसुद्धा झाल्या नव्हत्या.

"ज्योत विझली. तृप्ती, लायटर आण. लगेच पेटवतो."

त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. "अहो, वास येतोय. गॅस चालूच आहे."

"म्हणून तर म्हणतो! गार पडली तर आबांचा रांजण तडकंल."

तृप्ती हलेना. तेव्हा तिला ओलांडून तो आत गेला आणि ओट्यावरचा लायटर स्वतःच घेऊन आला. तेवढ्यात यशोदाबाई सिलिंडरपाशी पोचल्या होत्या. चावी हाताला फिरेना. पदर गुंडाळून त्यांनी ती जोर लावून बंद केली. नळीतली फुसफुस थांबली.

"भट्टीचं दार उघड."

"आई, गार वारं आत गेलं तर—"

"आतमधी गॅस भरलाय का नाय?"

जयरामचा अंगठा लायटरवरून निघत नव्हता.

"तू आन तृप्ती पुढच्या खोलीत जा," तो म्हणाला. "मी बघतो. काय नाय होत."

यशोदाबाई पुढे झाल्या आणि भट्टीच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या. पत्र्याची धग पाठीला लागत होती.

"मी नाय जात. पेटव आता."

"आई, बाजूला हो!"

"पेटव म्हनते ना."

त्याने लायटर धरलेला हात खाली घेतला. तृप्तीने मागून येऊन त्याच्या मुठीतून लायटर काढून घेतला. मग त्याने जाड हातमोजे चढवले, खटका ओढला आणि दार उघडून मागे सरला. गरम हवेचा लोट अंगावर आला. पाठोपाठ गॅसचा उग्र दर्प अंगणभर पसरला. तिघंही कुंपणाच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

आतून 'कट्' असा आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक, लांबलेला.

जयराम मटकन खाली बसला आणि तोंड झाकून रडू लागला. यशोदाबाई उघड्या दाराकडे बघत होत्या. त्यांच्या उजव्या हाताची बोटं थापी धरल्यासारखी वळली होती.

ऊन कलल्यावर, भट्टी निवली तेव्हा त्यांनी खापऱ्या स्वतःच बाहेर काढायला घेतल्या. कुणाला हात लावू दिला नाही. घमेल्यात एकेक खापरी ठेवताना ती दुसरीवर आपटणार नाही, एवढी काळजी घेत होत्या.

भिंतीवरून लंकाबाईंनी डोकावून विचारलं, "झाली का हो पहिली भट्टी? काय काय निघालं?"

"आमी तिघं निघालो," यशोदाबाई म्हणाल्या, आणि पुढची खापरी उचलायला वाकल्या.